शून्य पूर्णांक शून्य शून्य मिलिमीटर

जी वस्तू तक्त्यात मावत नाही ती जगातही नसते, हे तत्त्व मान्य केल्याखेरीज कोणत्याही संस्थेला शांत झोप लागत नाही. भिवंडीजवळच्या वळ गावच्या हद्दीतील एका गोदामाने ते मान्य केले, त्याची ही हकीकत.

२००८च्या जानेवारीतील एक साधा सोमवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मुकादम केसरीनाथ यांनी चार नंबरच्या गाळ्याचे शटर वर केले. (गोदामाच्या जागी पूर्वी त्यांचेच भाताचे शेत होते. त्यामुळे पावसात पाणी कुठे तुंबणार, हे त्यांना नकाशाशिवाय कळते.) सव्वाआठला कंटेनर मागे घेऊन लावण्यात आला. साडेआठपर्यंत टायटॅनियम डायऑक्साइडच्या एकशेवीस गोण्या उतरल्या. त्यांतल्या दोन नेहमीप्रमाणे फाटल्या. आठ पस्तीसला सफाई कामगार आनंदीबाई यांनी नाकाभोवती पदर गुंडाळून झाडू हाती घेतला. नऊला त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या आणि त्या खोकत होत्या. येथपर्यंत सर्व नियमानुसार चालले होते.

ही भुकटी सामान्य नव्हे. तिचा एक कण तीस नॅनोमीटरचा. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोन-अडीच हजार कण शेजारी शेजारी राहू शकतात (भिवंडीतील खोल्या पाहिलेल्यांना यात विशेष वाटणार नाही). उन्हापासून जपणारे मलम, आपली आपण स्वच्छ राहणारी काच, डाग न धरणारे शर्टाचे कापड, असा तिचा लोकोपयोग आहे. मलमातून ती कातडीवर बसते तेव्हा तज्ज्ञांना फारशी चिंता वाटत नाही. फुप्फुसात बसते तेव्हा काय होते, हे परदेशातील प्रयोगशाळांत काही उंदरांनी अनुभवून पाहिले आहे. त्यांचा अभिप्राय प्रतिकूल होता. परंतु उंदीर आमच्याकडे सुरक्षा समितीवर नसतात, ते फक्त गोदामात असतात.

आनंदीबाई गणेशपुरीकडच्या. पहाटेच्या एसटीने यायच्या. खोकल्याला तीन महिने झाले तेव्हा त्यांनी एक मास्क मागितला. कारण विचारले असता म्हणाल्या, “पदर बारीक हाय साहेब, पण भुकटी त्याहून बारीक हाय.” या विषयावर तोवर झालेल्या सर्व संशोधनाचा हा सारांश होता, पण तो योग्य नमुन्यात नव्हता.

सुरक्षा अधिकारी कुणाल तरे हा सज्जन तरुण. पदविका प्रथम श्रेणीत. त्याने तत्काळ संगणकावर मागणीचा तक्ता उघडला. तिसरा रकाना असा होता: कणाचा आकार, मिलिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. कुणालने प्रामाणिकपणे ०.००००३ भरले. संगणकाने ते ०.०० करून घेतले. त्याने तीनदा भरले, संगणकाने तीनदा सुधारले. पुढचा रकाना आपोआप भरला गेला: ‘धूळ आढळली नाही. साधन अनावश्यक.’ त्याने मुख्य कार्यालयाला फोन केला. तक्ता तज्ज्ञांनी केलेला आहे, असे त्याला सांगण्यात आले.

तरीही प्रकरण समितीपुढे ठेवण्यात आले, कारण आपल्याकडे लोकशाही आहे. सात सदस्य उपस्थित होते. त्यांपैकी सहाजण चार नंबरच्या गाळ्यात कधी गेले नव्हते. सातवे एकदा गेले होते, परंतु चष्मा पुसण्यात त्यांचे निरीक्षण राहून गेले. ज्याला आकार नाही त्याला धोकाही नाही, असा ठराव झाला. तो आनंदीबाईंना बोलावून वाचून दाखवण्यात आला.

त्यांनी तो नीट ऐकला. मग म्हणाल्या, “कायच न्हाय, तर मंग मी रोज झाडतंय काय?”

समितीने या प्रश्नाचे महत्त्व ओळखले. जे नाही ते झाडण्यासाठी पूर्ण वेळ कामगार का, असा मुद्दा इतिवृत्तात आला. मात्र समिती निर्दय नव्हती. मास्कची मागणी मागे घेतल्यास पदाचा फेरविचार होणार नाही, असे त्यांना आपुलकीने सांगण्यात आले. म्हणजे खोकला ठेवावा किंवा नोकरी सोडावी, याची पूर्ण मोकळीक होती. घरी आजारी नवरा, दोन मुली शाळेत. आनंदीबाईंनी मागणी मागे घेतली.

मंगळवारपासून त्यांनी चार नंबरचा गाळा झाडणे बंद केले.

बाकीचे गाळे, व्हरांडा, फाटक सर्व लख्ख. केसरीनाथ ओरडले, “आनंदे, चार नंबर कोण झाडनार?” त्या म्हणाल्या, “तिथं काय न्हाय, दादा. कागद हाय तसा.” कुणालने कामचुकारपणाची नोटीस लिहायला घेतली. ‘काय झाडले नाही’ या रकान्यात कागद, सुतळी, पाला आणि इतर कचरा असे चारच पर्याय होते. यांपैकी चार नंबरात काहीच नव्हते, आणि भुकटी कागदोपत्री नव्हती. नोटीस अडली.

गुरुवारी जे नव्हते ते कार्यालयात पोचले. व्यवस्थापकांच्या चहावर बसले, भिंतीवरील सुरक्षा प्रमाणपत्राच्या काचेवर बसले, समितीच्या अध्यक्षांची काळी गाडी राखाडी झाली. शुक्रवारी मास्कचा एक उत्तम खोका मागवण्यात आला (शेरा: ‘हवापालटामुळे सर्दी. केवळ कार्यालयासाठी’). या खरेदीला कणाच्या आकाराची अट नव्हती.

त्या रात्री कुणालही खोकला. शनिवारी सकाळी त्याने मास्कचा खण उघडा ठेवला, त्यावर नोंदवही ठेवली, पेन ठेवले, आणि आगीच्या बादल्या मोजायला निघून गेला. बादल्या पाच होत्या. मोजायला त्याला वीस मिनिटे लागली.

परत आला तेव्हा खणात एक मास्क कमी होता. चोरी म्हणावी तर वहीत रीतसर नोंद होती. आनंदीबाईंना सहीपुरतेच लिहिता येत असे, पण तेवढ्या आठवड्यात त्या आणखी एक गोष्ट लिहायला शिकल्या होत्या. ‘किती नेले’ या रकान्यात ठसठशीत अक्षरात होते: ०.००.

कुणालने ते तसेच संगणकात भरले. संगणकाने पहिल्याच खेपेस मान्य केले. सोमवारी आठ पस्तीसला चार नंबरचा गाळा झाडला गेला.

वाचकहो, आपण वाचत असलेल्या या कागदाच्या शुभ्रपणातही बहुधा याच घराण्याची भुकटी असेल (कण जरा थोराड असतात, घाबरू नये). ती आपल्यापर्यंत येताना गोणी कुठे फाटली, ती कोणी झाडली, झाडताना कोण खोकले, हे आपल्याला आजवर किती दिसले, तेवढे खालील रकान्यात भरावे. दोन दशांश स्थळे पुरतील.