गुंडोपंतांचं पडणं

एका जंगलात, बाळांनो, दर पाच वर्षांनी अध्यक्ष निवडायचे. निवडून यायचा तो हत्तीच. पण समोर कोणी उभंच नसेल, तर शेजारची जंगलं हसतात. म्हणून पडायला कोणीतरी लागायचं.

ते काम आभाळतोल पक्षाकडे होतं. पक्षात दोघंच. प्रमुख टिटवीबाई. आपण पाय वर करून निजतो म्हणूनच आभाळ कोसळत नाही, असं त्यांचं ठाम मत. आणि उमेदवार गुंडोपंत. ते होते खवले मांजर. स्वभाव इतका लाजरा, की कोणी नुसतं "काय पंत?" म्हटलं तरी अंग गुंडाळून चेंडू व्हायचे.

मग असा लाजाळू प्राणी निवडणुकीला का उभा राहायचा? अहो, जेवणासाठी! त्या जंगलात रीतच होती. पडलेल्या उमेदवाराला घरोघर बोलवायचं आणि सांत्वनाचं जेवण घालायचं. गुंडोपंतांचा जीव मुंग्यांवर. हरणीच्या दारातलं वारूळ, रानडुकराच्या परसातलं वारूळ. एरवी तिथे कोण फिरकू देतं? पडल्यावर मात्र सगळे म्हणायचे, "खणा हो पंत, पोटभर खणा."

"यंदाही नीट पडा हं," टिटवीबाईंनी बजावलं. "पक्षाची अब्रू तुमच्या हातात आहे."

"पडतो की, बाई. आजवर कधी चुकलोय?"

टेकडीवर सभा भरली. गुंडोपंत बोलायला उभे राहिले. "माझ्या बंधू..." एवढंच म्हणाले, समोरची गर्दी पाहिली आणि झाला चेंडू! तो उतारावरून गडगडत गेला थेट हत्तीच्या पायाशी. हत्तीने तो सोंडेने अलगद उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

सगळे पोट धरून हसले. मग सगळ्यांनाच वाईट वाटलं.

'बिचाऱ्याला एकही मत पडायचं नाही,' हरणी मनात म्हणाली. 'माझं एक टाकते. हत्तीला काय कमी आहे?'

रानडुकरालाही तसंच वाटलं. माकडालाही. कोणी कोणाला सांगितलं नाही. दया गुपचूप करावी म्हणतात ना!

मतं मोजली. गुंडोपंत निवडून आले! हत्तीला मिळाली दोन मतं. एक गुंडोपंतांचं, दुसरं टिटवीबाईंचं. खुद्द हत्तीनेसुद्धा कळवळून गुंडोपंतांनाच मत दिलं होतं.

"घात झाला, बाई!" चेंडूतून आवाज आला.

"तुम्हाला साधं पडता येईना?" टिटवीबाई कडाडल्या.

गुंडोपंतांना उंच कातळावर बसवलं. हार घातले. पण कातळावर मुंगी कुठली? शिवाय मानवंदना चालू असताना चेंडू व्हायला बंदी. वर अध्यक्ष उपाशी, आणि खाली घरोघर हत्तीच्या पंगती. पडला होता ना तो!

"आणखी थोडं सांत्वन वाढा," तो म्हणायचा. हरणीचं कुरण संपलं. माकडाची केळी संपली. रानडुकराचे कंद तर मुळासकट गेले.

शेवटी सगळे कातळाकडे धावले. "अध्यक्षमहाराज, काहीतरी करा! हत्तीचं दुःख आम्हाला परवडत नाही!"

गुंडोपंतांनी चेंडूतून नाक बाहेर काढलं आणि आयुष्यातलं पहिलं भाषण पूर्ण केलं.

"मला पाडा," ते म्हणाले.

पुन्हा निवडणूक झाली. या वेळी प्रत्येकाने छातीवर दगड ठेवून हत्तीला मत दिलं. गुंडोपंतांना शून्य. त्या संध्याकाळी ते हरणीच्या वारुळात मानेपर्यंत शिरले होते, आणि नुसती शेपटी आनंदाने हलत होती.

हत्ती मात्र कातळावर उदास बसला. हार टोचू लागले. एक दिवस तो हळूच टिटवीबाईंकडे आला.

"बाई, पुढच्या खेपेला तुमच्या पक्षाकडून उभा राहू का?"

टिटवीबाई पाय वर करून पडल्या होत्या. त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

"जागा नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पडणारे ज्येष्ठ आहेत."

तात्पर्य : दुबळ्यावर दया जरूर करावी; पण सगळ्यांनी एकाच दिवशी करू नये.