पुंजाआण्णांचा मुरघास

पुंजाआण्णा करडांना वैरण घालण्याआधी स्वतः खाऊन बघतात. चिमूटभर नव्हे, चांगली अर्धी मूठ तोंडात टाकतात, डोळे मिटून सावकाश चावतात आणि बाजूला थुंकून निकाल सांगतात. निकाल दोनच, 'पास' किंवा 'रिजेक्ट'. करडं तोवर कुंपणाला तोंडं लावून उभी असतात. त्यांना या पद्धतीची सवय झाली आहे.

आण्णा आमचे शेजारी. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात त्यांनी तपासणी खात्यात तीस वर्षं काढली. तिथं नेमकं काय तपासलं हे ते सांगत नाहीत, पण निवृत्त झाल्यापासून समोर येईल ते तपासतात. माझ्या बायकोच्या हातचा चहा बहुतेक वेळा पास होतो. माझ्या चपला अजून झालेल्या नाहीत. एका लग्नात त्यांनी मांडवाचे खांब हलवून पाहिले आणि एक रिजेक्ट केला. तो बदलेपर्यंत मंगलाष्टकं थांबली. खांब खरोखरच कच्चा निघाला, पण नवरीच्या मामाने आण्णांना अजून माफ केलेलं नाही.

त्यांच्या घरी ते एकटेच. त्यांच्या पत्नी मथुराकाकू लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिन्यांच्या बोलीने पुण्याला गेल्या. नातू आता बालवाडीत जातो. आण्णांना तिकडे जाता येत नाही, कारण शेळ्या आहेत, आणि शेळ्या का आहेत असं विचारलं तर ते म्हणतात, घरात कुणीतरी पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात शेळ्या व्यायल्या आणि अकरा करडं झाली. होळीच्या आसपास ती दुधावरून तुटणार, आणि नेमका तेव्हाच आमच्याकडचा हिरवा चारा संपतो. द्राक्षबागांना पाणी मिळतं, शेळ्यांच्या घासाला कोण देणार? म्हणून आण्णांनी मुरघास, म्हणजे हवाबंद पिशवीत मुरवलेला हिरवा चारा, करायचा ठरवला. दाण्यात दूध भरलेला, चिकात आलेला मका, लसूणघास आणि सुबाभळीचा पाला, सगळ्याची बारीक चिरून कुट्टी. "नुसत्या मक्यानं करडू नुसतं पोट काढतं, अंग धरत नाय," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की एकदा वर्गात इतिहास शिकवताना तेच माझ्या तोंडून गेलं. कुट्टीवर गूळ-मिठाचं पाणी शिंपडलं, दाबून दाबून दहा पिशव्या भरल्या आणि तोंडं घट्ट बांधली. पुढचा नियम एकच. पंचेचाळीस दिवस पिशवी उघडायची नाही. हवा लागली की माल गेला.

ज्या माणसाने तीस वर्षं पगार घेतला तो उघडून बघण्याचाच, त्याला हा नियम काय कामाचा? तिसऱ्या दिवशी आण्णांनी पहिली पिशवी सोडली, वास घेतला, अजून तयार नाही असं जाहीर केलं आणि पुन्हा बांधली. आठव्या दिवशी तेच. विसाव्या दिवशी तिच्यात बुरशी दिसली. मग बाकीच्या नऊ तरी ठीक आहेत का हे पाहायला त्यांनी नऊही उघडल्या. त्या ठीक होत्या. उघडल्यानंतर राहिल्या नाहीत.

बुरशीचा चारा करडांच्या जिवावर बेततो, असं गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळा माल उकिरड्यावर गेला. रानात अजून दहाएक पिशव्यांपुरता मका उभा होता. तोही हातचा गेला असता, तर चाऱ्याअभावी करडं विकावी लागली असती, आणि तेवढ्याशा करडाला घेतो तो खाटीकच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन दिवस खपून आण्णांनी त्या मक्याच्या नव्या पिशव्या भरल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या ढकलगाडीवर घालून ते आमच्या दारात आले.

"सर, या तुमच्या पोर्चमधी ऱ्हाऊ द्या. मी मागितल्या तरी द्यायच्या नाय. भांडलो तरी द्यायच्या नाय."

माझी स्कूटर बाहेर उन्हात गेली. पिशव्या सावलीत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा रोज संध्याकाळी पाच वाजता हजर. लांबूनच पिशव्या मोजायच्या, कुणी हात लावला नाही ना हे विचारायचं आणि चहा घ्यायचा. नवव्या दिवशी त्यांनी फक्त गाठीचा वास घेऊ का असं विचारलं. मी नाही म्हणालो. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी नमुना तपासणीचं शास्त्र समजावलं. मी तरीही नाही म्हणालो, तेव्हा त्यांनी त्या दिवशीचा चहा रिजेक्ट केला. तो मात्र संपवला. बायको म्हणाली, वीस वर्षांच्या मास्तरकीत तुमचं कुणीतरी पहिल्यांदाच ऐकतंय.

सुरुवातीला दहा मिनिटं बसायचे, मग दिवेलागणीपर्यंत बसू लागले. नातवाचे फोटो दाखवायचे. काकू भरीत कसं करायच्या हे बायकोला सांगायचे, तेही दर वेळी वेगळं.

शेचाळिसाव्या दिवशी सकाळी पिशव्या गोठ्यात नेल्या आणि एक सोडली. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूसगोड. आण्णांनी अर्धी मूठ तोंडात टाकली आणि इतका वेळ चावली की मला भीती वाटू लागली. मग त्यांनी ती थुंकलीच नाही, गिळली. पहिल्या दिवशी एका करडाला एकच मूठ, पोटाला सवय व्हायला हवी. करडांनी हुंगलं, मागं सरली, आणि मग एका तांबड्या करडाने तोंड घातल्यावर बाकीची तुटून पडली. आण्णा माझ्याकडे पाठ करून बराच वेळ चष्मा पुसत होते. मलाही भरून आलं, ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता फाटक वाजलं. पोर्चमध्ये माझी स्कूटर उभी होती. आण्णा तिच्याकडे पाहत पायरीखालीच थांबले. करडं कशी आहेत, मी विचारलं. खातायत, ते म्हणाले.

"सर, आता पिशव्या तर नाय इथं," ते म्हणाले. "पण पाच वाजले की पाय हिकडंच वळत्यात. घर लय शांत असतं त्या टायमाला. येत जाऊ, का नको?"

मी नुसतं 'या' म्हणालो. बायको तीन कप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आण्णा, उद्या भरीत करतेय. काकूंसारखं जमतंय का ते तुम्हीच समोर बसून सांगा."

आण्णांनी कप घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांना निकाल सांगणारा तो माणूस कपात बघत हळूच म्हणाला, "मग साडेचारलाच आलो, तर चालंल?"