पाचाला तीन

यंदा प्रमाणाचा एकही प्रश्न सोडायचा नाही, असं मी एप्रिलमधल्या एका रविवारी, तिसऱ्यांदा भात वाढून घेता घेता ठरवलं. एवढ्या साध्या निश्चयातून साडेबारा किलो मिरचीची चटणी निघेल, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी चौथ्यांदाही भात घेतला असता.

गोष्ट दोन हजार तीन सालची. मी कोल्हापुरात एका विमा कार्यालयात सहायक होतो. सहायकाला अधिकारी व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागायची, आणि ती तीनदाच देता यायची. मी ती दोनदा दिली होती. (दोन्ही वेळा तिनं मला परत पाठवलं होतं.) माझ्यामागून चार वर्षांनी नोकरीला लागलेला संग्राम पहिल्याच फटक्यात पास होऊन काचेच्या केबिनमध्ये बसला होता. ज्याला फाइलचा दोरा बांधायला मी शिकवलं, त्याच्यापुढं रोज तीच फाइल धरून मला "साहेब, सही" म्हणावं लागत होतं. तो बिचारा "प्रसेनजीतदादा, बसा की" म्हणायचा, त्यानं तर जास्तच लागायचं. आता ही शेवटची संधी होती. हुकली की रिटायर होईपर्यंत "साहेब, सही".

मला नडायचा तो एकच विभाग : 'दिलेली माहिती पुरेशी आहे का?' यात उत्तर काढायचंच नसतं. एक प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर पहिल्यानं निघेल, दुसऱ्यानं निघेल, दोन्ही मिळून निघेल की दोन्ही मिळूनही निघणार नाही, एवढंच सांगायचं. त्यात गुणोत्तर आलं की माझी पाचावर धारण बसायची. मागच्या वर्षीचाच प्रश्न बघा. बापाचं वय किती? विधान एक : बाप आणि मुलाच्या वयांचं गुणोत्तर सातास दोन. विधान दोन : मुलगा बापापेक्षा लहान आहे. मी ठोकून दिलं, दोन्ही मिळून पुरेसं.

"पस्तिशीचा बाप, दहाचा पोरगा. बसतंय का न्हाय बरोबर?" मी ललिताला विचारलं. ललिता म्हणजे आमची मंडळी. माहेर कागल, बोलणं एक घाव दोन तुकडे.

"आणि सत्तरचा बाप, विसाचा पोरगा?"

"असं कुठं असतंय?"

"आमच्या गल्लीत हाय की! आकारामतात्या!"

आकारामतात्यांच्या उशिरा झालेल्या चिरंजीवापायी माझे दोन गुण गेले होते.

यंदा मात्र मी इरेला पेटलो. उठता-बसता सराव. घरातला प्रत्येक प्रश्न मी विधानांत मांडू लागलो.

"अवो, नळाला पाणी आलं का बघा," ललिता आतून ओरडायची.

"विधान एक : शेजारच्यांची मोटर सुरू आहे. विधान दोन : त्यांच्या बाई गाणं म्हणतायत. यात फक्त विधान एक..."

"पाणी आलं का?"

"उत्तर काढायचं नसतं गं! माहिती पुरेशी आहे, एवढंच सांगायचं!"

पाणी आलेलं असायचं. मी सांगेपर्यंत गेलेलंही असायचं.

अशात मे महिना उजाडला आणि चटणीचे दिवस आले. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचं तिखट. मिरच्या वाळवायच्या, भाजायच्या, कांदा, लसूण, खोबरं, धणे सगळं परतायचं आणि डंकावर नेऊन कुटून आणायचं. ललितानं सगळी तयारी केली. यल्लाप्पाच्या डंकावर गुरुवारी दुपारी चारचा नंबर मिळाला. माझी परीक्षा रविवारी. आणि नेमकं गुरुवारी सकाळीच कागलहून बोलावणं आलं. तिच्या आईचा, चिमणाबाईंचा, गुडघा धरला होता.

"डंकावर तुम्ही जा," ती पिशवी भरता भरता म्हणाली. "सगळं बांधून ठेवलंय. फक्त मीठ तिथं घालायचं. लिहून घ्या. मिरची पाच किलो हाय. पाचाला तीन..."

माझे कान टवकारले. गुणोत्तर! माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या स्वतःच्या बायकोच्या तोंडून!

"थांब!" मी हात वर केला. "पुढं बोलू नकोस. विधान एक : मिरची पाच किलो. विधान दोन : गुणोत्तर पाचास तीन. दोन्ही मिळून पुरेसं!"

"अवो पण ऐका तरी..."

"पुरेसं म्हणजे पुरेसं. जादा माहिती घेतली की माणूस फसतो. पुस्तकातच लिहिलंय."

तिची एस.टी. चुकत होती. ती कपाळाला हात लावून गेली. एखादा प्रश्न असा दहा सेकंदांत सुटण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती.

डंकावर गेलो. चार लोखंडी मुसळं धाडधाड आपटत होती आणि रांगेतल्या बाया पदरात शिंकत होत्या. मी तीन किलो खडेमीठ पुढं केलं. यल्लाप्पानं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पावणं, चटणी हाय का लोणचं?"

"चटणी. गुणोत्तर पाचास तीन."

"कुणाचं?"

"मिरचीचं आणि मिठाचं. माहिती पुरेशी आहे."

"कोण बोललं?"

"मंडळी."

"मंडळी बोलली म्हटल्यावर आपण कोण?" म्हणत त्यानं सगळं मीठ उखळात ओतलं. मी बाजूला बसून शिंकत शिंकत आणखी अकरा गणितं सोडवली.

संध्याकाळी ललिता आली. डब्याचं झाकण काढलं, करंगळीच्या टोकावर चटणी घेऊन जिभेला लावली आणि जागच्या जागी उभी राहिली. मग दोन तांबे पाणी प्याली.

"मीठ किती घातलं?"

"तीन."

"तीन काय?"

"किलो."

"ओंजळी वो! तीन ओंजळी! पाच किलोला तीन ओंजळी! माझी आई तसंच घालती, मी तसंच घालते!"

"मग सांगायचं नाहीस का?"

(हे वाक्य मी बोलायला नको होतं. पुढची दहा मिनिटं ती जे बोलली, त्यातली माहिती सर्व दृष्टींनी पुरेशी होती.)

चटणीतून मीठ काढता येत नाही. मीठ तेवढंच ठेवून बाकीचं वाढवायचं, हा एकच उपाय. तिची एक ओंजळ मी तराजूत घातली. चारशे ग्रॅम. तीन ओंजळी म्हणजे एक किलो दोनशे. मी घातलं तीन किलो, म्हणजे अडीचपट. मिरची हवी साडेबारा किलो. आणखी साडेसात आणा. कांदा, लसूण, खोबरं, धणे, सगळंच अडीचपट. गुणोत्तराचं गणित मी इतकं बिनचूक कधीच सोडवलं नव्हतं, आणि इतक्या पडलेल्या चेहऱ्यानंही नाही.

शुक्रवारची आणि शनिवारची रजा अभ्यासासाठी काढली होती. ती देठं काढण्यात गेली. शनिवारी दुपारी माझ्या बोटांची आग आग होत होती. समोर मिरच्यांचा ढीग तसाच होता आणि पुस्तक कोपऱ्यात. मला खरंच रडू आलं. (मिरचीचं म्हणून खपून गेलं.)

ललितानं बघितलं. पुस्तक घेतलं आणि समोर बसली.

"तुम्ही देठं काढा. मी वाचते. दूध आणि पाण्याचं गुणोत्तर चारास एक. पाणी किती लिटर?"

"विधान एक पुरेसं!" मी सवयीनं म्हणालो.

"कसं काय? चारास एक खरं, पण भांडं केवढं? तांब्या का पिंप? ओंजळ कुणाची ते सांगितलंय का कुठं?"

मी देठ हातात धरून तिच्याकडं बघत राहिलो. दोन वर्षं पुस्तक जे शिकवू शकलं नाही, ते हे होतं. नुसत्या गुणोत्तरानं काही कळत नाही. एक तरी खरं माप हातात असावं लागतं. त्या दुपारी तिनं चाळीस प्रश्न वाचले. तिचे सगळे बरोबर आले, माझे एकतीस. एवढं नुकसान करून ठेवलेल्या माणसासमोर ती बसली होती, याचं मला फार बरं वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही.

"बोलू नका. हात चालवा," ती म्हणाली.

संध्याकाळी दोघं डंकावर गेलो. यल्लाप्पानं साडेसात किलो मिरच्या बघून विचारलं, तेव्हा मी त्याला पुरेशी आणि अपुरी माहिती हा विषय नीट समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. निघताना ललिता त्याच्याशी बाजूला काहीतरी बोलत होती.

रविवारी पेपर दिला. डोळा चुकून चोळला, त्यामुळं अर्धा पेपर एका डोळ्यानं. पण गुणोत्तर दिसलं की मी मनात एकच विचारायचो, ओंजळ कुणाची? ऑगस्टमध्ये निकाल लागला. त्या विभागात दहापैकी दहा! संग्राम स्वतः केबिनमधून उठून आला आणि म्हणाला, "बसा, साहेब." मी बसलो. फार बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात चटणीचा नंबर लावायला मी डंकावर गेलो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, अधिकाऱ्याची चाल. यल्लाप्पानं "या साहेब" म्हणून नमस्कारही केला. माझी मान ताठ झाली आणि त्यामुळंच त्याच्या डोक्यावरची पाटी दिसली :

'मीठ किती, ते घरच्या बाईनं स्वतः येऊन सांगावं. साहेब लोकांची माहिती अपुरी समजली जाईल.'

अक्षर ललिताचं होतं.