'रिकामी' डिस्क

आमच्या रक्ततपासणीच्या लॅबचा सर्व्हर उद्या जळून खाक झाला, तरी तासाभरात जसाच्या तसा उभा करीन! असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. रोज संध्याकाळी अख्ख्या सर्व्हरची इमेज, म्हणजे फायली, सेटिंग, सगळ्यासकट हुबेहूब प्रत. एक ऑफिसात, एक दुसऱ्या इमारतीत. किती दिवस ठेवायच्या, जागा किती लागेल, सगळ्याचा तक्ता इतका टापटीप, की माझं घरचं कपाट पाहिलेल्या कुणाला तो माझा वाटलाच नसता.

"मग दाखवा करून," साहेब म्हणाले. "शुक्रवारी अकराला. सगळ्यांसमोर."

झालं! प्रती ठेवायच्या कुठे ते ठरलं होतं. तालमीसाठी उतरवायच्या कशावर, ते राहिलंच होतं. शुक्रवारी सकाळी लेकीला कडेवर घेऊन कपाट उपसलं. काळी डिस्क सापडली. वर चिठ्ठी: 'रिकामी'.

अकराला प्रोग्रामने विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?

"मॅडम, आत एकदा बघू या का?" नेटवर्कवाला कुजबुजला.

"अहो, माझ्या हातची चिठ्ठी आहे! दाबा!"

अठ्ठेचाळीस मिनिटांत सर्व्हर उभा! टाळ्या! मी इतकी फुगले, की लिफ्टमध्ये मावेना!

घरी नवऱ्याने विचारलं, "काळी डिस्क कुठाय गं? आईला पिल्लूचं पहिलं रांगणं बघायचंय. तेव्हा आई दवाखान्यात होती ना."

"ती? ती तर रिकामी होती."

"चिठ्ठी लावलीस तेव्हा होती. मग फोन भरला म्हणून तूच सगळं तिच्यावर टाकलंस. फोनमधलं पुसलंसही."

तशीच डिस्क घेऊन बसले. पुसलेलं परत मिळतंय का म्हणून दोन दिवस ती खरवडली. निघालं काय, तर लोकांच्या साखरेचे रिपोर्ट! परक्यांच्या थेंबाथेंबाच्या दोन-दोन प्रती, आणि माझ्या लेकीच्या पहिल्या वर्षाची एकही नाही.

सासूबाई नुसत्या "असू दे गं" म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं!

रविवारी लेकीला सतरंजीवर बसवलं. "पिल्लू, आजीला रांगून दाखव ना. एकदाच!"

"मी मोठी आहे," ती उठून उभी राहिली. "रांगायचं कसं?"

मग काय, मीच गुडघ्यांवर उतरले. ती खिदळत पाठीवर चढली. सासूबाईंना हसू आवरेना. नवऱ्याने सगळं टिपलं.

तर आता रांगण्याचा व्हिडिओ आहे आमच्याकडे, तीन ठिकाणी जपलेला. रांगतेय मात्र मी!