मोहरबंद पेढी आणि गोजराबाईंची जबानी

श्री. ठेवणाऱ्यांस धीर असो, राखणाऱ्यांस लाज असो. शके सत्राशे, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात जे वर्तले ते काही ऐकिल्याप्रमाणे, काही डोळां देखिल्याप्रमाणे लिहितो. राज्याचे नाव विचारू नये. विचारून तरी काय करणार, तेथे आता जाता येत नाही.

त्या राज्यात एक रुंद आखात होते, आणि त्याचे दोन्ही किनारी सदोबा पेढीकर यांची पेढी होती, आणि गोरगरिबांनी पोटास चिमटा घेऊन तेथे ठेवी ठेविल्या होत्या. मग सदोबांस बुद्धी ऐसी जाहली की रयतेचा पैका सगळ्या जावयांस कर्जाऊ वाटिला, आणि तारण म्हणाल तर जावयांचे गोड बोलणे! मग पेढ्यांवर देखरेख ठेवावयास हुजुरांनी नेमिलेले तपासनीस राजश्री कोन्हेरपंत दाखल जाहले, आणि तिजोरी उघडवून आत पाहिले, आणि बोलिले, "सदोबा, यात तर झुरळेसुद्धा राहिली नाहीत!" सदोबा म्हणाले, "पंत, लेकींचे संसार आहेत हो." पंत कडाडले, "आणि ज्यांनी ठेविले त्यांस लेकी नाहीत?" ऐसे बोलोन दोन्ही किनारी पेढीस मोहर लावोन देणेघेणे बंद केले, आणि सदोबांस गादीवरून उठविले, आणि जावयांच्या बागा, घोडी विकोन रयतेची भरपाई करावी ऐसा हुकूम दिला. चार धटिंगणांनी धावत येऊन विक्रीचे येईल ते उचलावे आणि बाकीच्यांनी हात चोळीत बसावे, ऐसे न व्हावे म्हणोन मोहर. रयतेच्या भल्याचीच गोष्ट, नाही कोण म्हणतो?

आणि मोहरेमुळे कोणाची अडचण होऊ नये म्हणोन पंतांनी दयेने एक कलमही घातले, की आजार, लग्न व मयत या तीन कारणी ठेवीपैकी काही द्यावे. पंत एकटे जीव, घरी वाट पाहणारे कोणी नाही. माणसास याहून निराळे कारण पडते हे त्यांस सुचलेच नाही.

मग अलीकडच्या किनारी गोजराबाई म्हणोन जाळी विणणाऱ्या होत्या, त्या पेढीच्या दारी आल्या. त्यांची धाकटी बहीण भिवरा लग्न होऊन पैलतीरी गेली ती गेलीच. गलबताचे भाडे महाग, आणि बायकांस सवड देतो कोण? आता भाड्यापुरते साठले तो पेढीस मोहर. कारकून दिनकरजींनी विचारिले, "बाई, कोण आजारी?"

"कोणी नाही."

"मग लग्न?"

"या वयात? गप रे मेल्या."

"मग मयत?"

"तुझ्या तोंडाला विस्तव लागो! बहिणीला भेटायचंय मला."

दिनकरजी हळूच म्हणाले, "भेट कलमात नाही हो. बहीण आजारी आहे म्हणा, मी लिहून घेतो."

"चांगल्या जित्या बहिणीला पैशापायी आजारी म्हणू? जीभ झडेल माझी. ती धडधाकट आहे तोवरच मला जायचंय!"

पंतांनी आतून हे ऐकिले आणि कळवळले, पण स्वतः केलेली मोहर स्वतः कशी मोडावी? आणि बाई रोज येत, पायरीवर बसत, दर्याकडे पाहात आणि म्हणत, "आज वारा तिकडचा आहे." ते ऐकोन पंतांचे दफ्तर लिहिणारे आम्ही रुक्ष माणूस, तेही लेखणी ठेवून दर्याकडे पाहात असू.

मग पंत तपासणीस पैलतीरी गेले, आणि तेथील दारीही एक बाई उभी. पंतांनी नेहमीचे विचारिले, "कोण आजारी?" ती म्हणाली, "आजारी कशाला? पलीकडे माझी ताई आहे. एकदा डोळे भरून बघायचंय."

"ताईचे नाव?"

"गोजरा. जाळी विणते."

पंतांनी ते नाव पुन्हा एकदा विचारून घेतले. आणि मग त्यांस आठवले की तपासाचे कामी कोणाही ठेवीदारास साक्षीस बोलवावे, आणि ने-आण सरकारी गलबतातून व्हावी, हा आपला अधिकार आहे. तत्काळ हुकूम सुटला, की गोजराबाईंची साक्ष पैलतीरी जरूर. तपासणीस बरोबर आलेले दिनकरजी म्हणाले, "पंत, त्या बाईंस पैलतीरीचे काय ठाऊक?" पंत म्हणाले, "तेच तपासावयाचे आहे."

मग गोजराबाई गलबतातून उतरल्या, आणि सरकारी बोलावण्याने भिऊन "माझ्याकडून काय चुकलं?" ऐसे ज्यास त्यास विचारीत होत्या. पंतांनी भिवराबाईंस समोर आणिले. दोघींनी एकमेकींस ओळखिले नाही. धाकटी गेली तेव्हा परकरातली पोर होती. मग भिवराबाई घाबरत बोलिल्या, "ताई?" तोच गोजराबाईंनी तोंडावर हात नेला आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा तर आपल्या आईचा आवाज!" आणि दोघी जमिनीवर बसोन ऐशा रडल्या की बाहेरचे खलाशीही आत डोकावले.

जबानी लिहावयास मजला बसविले होते. दिवस कलला, खलाशी हाका मारू लागले, आणि साक्ष संपताच साक्षीदारास परत पोहोचवावे ऐसा कायदा. पंतांनी हळू विचारिले, "बाई, जबानी पुरी जाहली?"

गोजराबाई डोळे पुशीत म्हणाल्या, "कुठं हो सरकार! अजून हिच्या लग्नाच्या दिवसापाशीच आहोत."

पंत मजकडे वळोन बोलिले, "जबानी चालू, ऐसे लिहा." आणि गलबत रिकामे सोडिले.

एवंच, पुढे जावयांचे सारे विकोन रयतेच्या ठेवी पुऱ्या परत जाहल्या, आणि पंतांनी कलमात स्वहस्ते 'भेट' हा शब्द घातला. दोघी बहिणी आता राहिल्या नाहीत. परंतु ती जबानी दफ्तरी अद्याप चालू आहे. पुरी जाहली ऐसे लिहावयास आमचा कोणाचा हात धजला नाही.