बोरजाईचा बारा किलोमीटरचा वाटा

जिल्ह्यात वेग ठरावीक होता, आणि नव्या जलद बससेवेला लागणारा वेग कुणाकडून तरी काढून घेतल्याशिवाय मिळणार नव्हता. केंद्राने गाड्या दिल्या, राज्याने बससाठी वेगळी मार्गिका बांधून दिली; वेग तेवढा लोकवाट्यातून उभा करायचा होता. ज्या गावाला थांबा हवा, त्या गावाने ताशी बारा किलोमीटर भरायचे.

ते गोळा करायचं काम नियोजन विभागातल्या दिगंबर वाघमोड्यांकडे आलं. वाघमोडे मुळात चौकस माणूस, त्यामुळे काम त्यांना आवडलं. वेग माणसाच्या पायात असतो अशी त्यांची समजूत होती, ती पहिल्याच आठवड्यात गळून पडली. हिवऱ्याला तो भटजींच्या जिभेत सापडला. भटजींनी तीन किलोमीटर दिले, आणि तेव्हापासून तिथे दुसऱ्या मंगलाष्टकातच मुहूर्त टळतो. पुढच्या गावात एका काकूंकडे बातमी पसरवण्याचा वेग निघाला. तो जमा झाल्यापासून बारशाची खबर मूल रांगायला लागल्यावर पोचते. तहसील कार्यालयालाही पत्र गेलं होतं. आमच्याकडे वेग नाही, असा दाखला तिथून आला. यायला दोन महिने लागले.

चाळीस गावांचं काम सुरळीत झालं. एक्केचाळिसावं बोरजाई, मार्गाचं शेवटचं टोक.

आपल्याकडे सरकारी माणूस मोजायला आला की कमी दाखवायचं, हे बाळकडूच असतं. जमीन कमी, उत्पन्न कमी, दुभती जनावरं तर नाहीतच. वाघमोडे मोजणीला यायच्या आदल्या दिवशी सरपंच तात्या खिलाऱ्यांनी देवळाच्या भोंग्यावरून तेवढंच सांगितलं, की उद्या मोजणी आहे, समजून असा. गाव समजून होतं. सकाळपासून माणसं अशी चालू लागली की पाहणाऱ्याला झोप यावी. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन मोटारसायकलला मागे टाकणाऱ्या हौसाबाई बंडगरांनी आडापासून घरापर्यंतच्या तीस पावलांना पाऊण तास लावला. वाघमोड्यांनी सगळं निमूटपणे नोंदवलं. त्यांना नवल वाटलं, पण नवलासाठी नोंदवहीत रकाना नव्हता.

तेवढ्यात कालव्याच्या रस्त्याने ऋतुजा पळत आली. ही हौसाबाईंच्या पुतण्याची मुलगी. पोलीस भरतीची तयारी करत होती आणि पहाटेच घराबाहेर पडायची, म्हणून गावाचा बेत तिला कुणी सांगितलाच नव्हता. ती वाघमोड्यांसमोरून ताशी सतराने गेली. नोंदवहीत लागलं ते असं : बोरजाई, एकूण वेग सतरा, धारक एक, उर्वरित गाव मंदगती.

मंदगती यादीतल्या घरांना घरपट्टी माफ होती. गावाला आधी आनंद झाला. मग थांब्याचं पत्र आलं आणि बारा किलोमीटर एकट्या पोरीच्या नावावर निघाले.

वाघमोडे पुन्हा गावात आले, तेव्हा तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि बाकी विषय बोलले. फेरमोजणी मागून हा वाटा सगळ्या गावावर वाटता येईल, असं वाघमोड्यांनी दोनदा सुचवलं. फक्त पहिली मोजणी खोटी होती, असं गावाने सांगायला हवं. तात्यांनी हौसाबाईंकडे पाहिलं, हौसाबाईंनी जमिनीकडे. वाघमोड्यांना राग आला, आणि ते पगारी नोकर असल्यामुळे तो त्यांनी चहाबरोबर गिळला.

ऋतुजा ओट्यावर बसून नियमांची पुस्तिका वाचत होती. मागच्या वर्षी भरतीच्या मैदानावर ती पोचली तेव्हा फाटक बंद झालं होतं, कारण जुनी बस घाटातच रेंगाळली होती. जलद बस आली नाही तर यंदाही तेच होणार. आली, तर पळायला हिच्याकडे ताशी पाच उरणार.

"साहेब, दिलेला वेग मधी एकदा परत मागता येतो का?" तिने विचारलं.

"किती वेळासाठी?"

"आठशे मीटरसाठी."

वाघमोड्यांनी पानं उलटली. नियम एकोणीस. धारकाला स्वतःच्या एका कामासाठी वेग एकदा परत घेता येईल. ते काम संपेपर्यंत त्या मार्गावरची गाडी असेल तिथे उभी राहील. हा नियम आजवर कुणी वापरलेला नव्हता. वाघमोड्यांना तो फार सुंदर वाटला, आणि असं वाटल्याची लगेच लाज वाटली. ऋतुजाने संमतीपत्रावर वेग परत घेण्यासाठी भरतीची तारीख टाकली, सही केली आणि उठली. घरात जाताना ती इतकी सावकाश गेली की आईने दार धरून ठेवलं.

बस सुरू झाली. बोरजाईहून जिल्ह्याचं ठिकाण पन्नास मिनिटांवर आलं. गाव कौतुकाने बसमधून जाऊ लागलं. ऋतुजाचा सराव चालूच होता. कालव्याच्या रस्त्यावर ती रोज पळायची. हात, गुडघे, श्वास सगळं पळण्याचं, पुढे सरकणं मात्र चालण्याचं. शेळ्या तिला मागे टाकून जायच्या. पाटी घेऊन निघालेल्या हौसाबाईही तिला मागे टाकायच्या, आणि तसं करताना तोंडावर पदर ओढून घ्यायच्या. तीन महिने हे असं चाललं.

भरतीच्या आदल्या दिवशी ऋतुजा त्याच बसने जाऊन मावशीकडे राहिली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळच्या गाडीत निम्मं बोरजाई होतं. तात्या होते, पुढच्या बाकावर पाटी घेऊन हौसाबाई होत्या. वाघमोडे मुद्दाम बसले होते. हे कसं होतं ते त्यांना पाहायचंच होतं.

सात वाजून बेचाळीस मिनिटांनी, माळावर, बस उभी राहिली. चालकाने न सांगता इंजिन बंद केलं. काय झालं, असं कुणीही विचारलं नाही.

पूर्ण गुणांसाठी आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत संपवावे लागतात, हे आता गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. वाघमोड्यांनी घड्याळ हातात धरलं. एक मिनिट गेलं. कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी बोलली आणि तिला गप्प करण्यात आलं. दोन मिनिटं झाली. तात्यांनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि ढकलल्यासारखं करू लागले. मग शेजारच्याने आपली दांडी धरली. अख्खी गाडी जागेवर बसून बस ढकलत होती. सगळं मनापासून चाललं होतं, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"किती झालं, साहेब?" हौसाबाईंनी मागे न बघता विचारलं.

"दोन चाळीस."

बस हलली.

"किती?"

"दोन सेहेचाळीस," वाघमोडे म्हणाले.

गाडीत कुणी टाळी वाजवली नाही. बस ताशी साठने धावू लागली, माळ मागे पडू लागला, आणि आत इतकी शांतता होती की कंडक्टरने तिकिटांची पेटी उघडली ती बेतानेच. आता पोरीचा वेग परत गाडीत आला होता, हे सगळ्यांना बसल्याजागी कळत होतं.

हौसाबाई उठल्या. पाटी त्यांनी तात्यांच्या मांडीवर ठेवली आणि घंटेची दोरी ओढली.

"साहेब, मोजून घ्या," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी खोटी चालले."

फेरमोजणीला अर्ज लागतो, घरपट्टी पुन्हा सुरू होते, हे वाघमोड्यांनी नियमाप्रमाणे सांगितलं. हौसाबाई तोवर खाली उतरल्या होत्या. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि जिल्ह्याच्या दिशेने चालू लागल्या. वाघमोडे दारातून बघत राहिले. त्या ताशी साडेआठच्या खाली नक्कीच नव्हत्या.

तात्यांनी पाटी बाकावर ठेवली, धोतर सावरलं आणि तेही उतरले. मग एकामागून एक सगळे उतरले. कंडक्टरने आपल्या कागदावर प्रवासी शून्य असं लिहिलं, आणि गाडी वेळेवर पुढे सोडली.