कामेलीची सात बोंडं

"माह्या हाताखाली दगडाले बी बोंडं धरतीन!" असं खुशालराव ओसरीवर उभे राहून म्हणाले, आणि अमरावतीजवळच्या त्या गावात त्यांना खोटं पाडायची कोणाची छाती नव्हती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, विलायतेला वऱ्हाडच्या कापसाशिवाय सुचत नव्हतं, आणि इकडे खुशालरावांच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. अशा माणसाला एक रोपटं जगवणं म्हणजे काय अवघड!

रोपटं होतं कामेलीचं, म्हणजे एका विलायती फुलझाडाचं. कापूस घ्यायला येणाऱ्या साहेबाची मड्डम विलायतेला परत निघाली, तेव्हा तिनं ते गोदाबाईंना, म्हणजे खुशालरावांच्या कुटुंबाला, देऊन टाकलं. पानं पिवळी, शेंडा सुकलेला. "थंडीत फुलतं, अन् फूल पाहाल तर डोळ्यांचं पारणं फिटेल," असं साहेबाच्या दुभाष्यानं सांगितलं. झालं! गोदाबाईंनी ध्यासच घेतला. बाईंनी जन्मात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता एवढंच हवं होतं, कामेलीचं फूल एकदा डोळ्यांनी पाहायचं.

खुशालरावांनी रोप आपल्या काळ्याभोर जमिनीत लावलं, बुडाशी टोपलंभर राख ओतली आणि विहिरीचं पाणी सोडलं. कापसाला मानवतं ते हिला का मानवू नये? आठ दिवसांत निम्मी पानं गळाली.

"अवो, कुंडीतली माती लाल होती," गोदाबाई म्हणाल्या. "आपली चुनखडीची. तिले सोसत नसन."

"आता तू मले माती शिकवून राहिली?"

गोदाबाईंनी वाद घातला नाही. परतवाड्याहून लाकडं आणणाऱ्या गाडीवानाकडून त्यांनी मेळघाटातली पालापाचोळ्याची माती मागवली. रोप फुटक्या रांजणात हलवलं, निंबाच्या सावलीत ठेवलं, साठवलेलं पावसाचं पाणी घातलं, अधूनमधून आंबट ताकाची निवळीही. वर्षभरात पानं हिरवीगार होऊन चकाकायला लागली. "पाह्यलं? माही राख लागू पडली!" असं खुशालराव गावभर सांगत फिरले.

दिवाळीनंतर कळ्या धरल्या. चांगल्या सात! गोल, हिरव्या, टणक. पण महिना उलटला तरी एक उमलेल तर शपथ! तेवढ्यात अंजनगावहून बहिणीच्या बाळंतपणाचा सांगावा आला. गाडीत बसता बसता गोदाबाईंनी बजावलं, "पाणी तेवढं घाला. हात लावू नका, बाप्पा."

दोन दिवस खुशालरावांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी शेजारचे पंजाबराव तंबाखू मळत आले आणि रांजणापाशी थबकले.

"खुशालभाऊ, महिनाभर बोंड फुटत नाही म्हंजे काय होते?"

"कवडी!" खुशालराव ओरडले. आत अळी शिरली की बोंड फुटत नाही, कवडीसारखं मिटून बसतं, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं.

"एकातली अळी बाकीच्यात गेली, त समदं झाड गेलं. वैनीले काय सांगसान? फोडा एक!"

फोडली. आत पाकळ्यांची घट्ट गुंडाळी, अळीचा पत्ता नाही.

"निसटली!" पंजाबराव म्हणाले. "बाजूच्या बोंडात असन."

दुसरी फोडली. तिथेही नाही. दोन कळ्या उगाच फोडल्या हे कबूल करण्यापेक्षा अळी शोधणं सोपं होतं! तिसरी फोडली, चौथी फोडली. "लय चलाख हाय, राजा!" पंजाबराव कौतुकानं म्हणाले. सहावीनंतर खुशालराव थांबले.

"एक राहू देऊ का, पंजाबराव?"

"सहात नाही म्हंजे सातव्यात हायच की!"

या हिशेबापुढे कोण काय बोलणार! सातवीही फोडली. अळी नव्हती. खाली पडलेला चुरा शेळीनं चाटूनपुसून खाल्ला, आणि पंजाबरावांना एकाएकी घरचं काम आठवलं.

गोदाबाई परतल्या त्या पाय न धुताच रांजणापाशी गेल्या. खुशालरावांनी सगळं सांगितलं, एक अक्षर खोटं सांगितलं नाही. त्यांना वाटलं, आता ही ओरडेल, निदान रडेल तरी. ओरडली असती तर किती बरं झालं असतं! गोदाबाई नुसत्या उंबऱ्यावर टेकल्या आणि कळ्या गेलेल्या त्या फांद्यांकडे पाहत राहिल्या. खुशालरावांना उभ्या जन्मात इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "रंग कोनता होता, थे तरी सांगा."

सातही कळ्या खुशालरावांनी स्वतःच्या बोटांनी उलगडल्या होत्या, पण रंग काही आठवेना.

"गोदे," ते मान खाली घालून म्हणाले, "मी त अळी पाहून राहिलो होतो वं."